रविवारचा उजेड

विमा कंपनीत दावे तपासायला बसलेल्या माणसाला हळूहळू एक खोड लागते. समोर फोटो आला की तो खोटा आहे असं धरूनच सुरुवात करायची. थोरलीच्या अंगात ही खोड इतकी भिनली होती की ऑफिसात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. चेपलेले दरवाजे, भिजलेली गोदामं, जळक्या भिंती यांचे फोटो दिवसभर तिच्या टेबलावर यायचे आणि ती त्यांच्यात नाक खुपसून बसायची. "गाडी खांबाला धडकली म्हणता, मग खांबाचा रंग कुठाय गाडीवर?" असं तिनं विचारलं की समोरच्याची बोबडी वळायची. तिला त्यात आनंद व्हायचा, हे ती कबूल करत नसे, पण व्हायचा.

घरी मात्र ती नुसती थोरली. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात, बायकोपोरांत बुडालेला. संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर उगवायचा, आईला हात हलवून दाखवायचा आणि मावळायचा. घरात थोरली आणि आई, दोघीच.

आईला झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द मागे उरला, तो म्हणजे 'नको'. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द जिभेवर अडकून राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. आणि खरंच, पाणी देऊ का विचारलं की आई "नको" म्हणायची आणि घटाघटा पेलाभर पाणी प्यायची. खिडकी उघडू का? "नको." उघडली की डोळे मिटून वारा घ्यायची. थोड्याच दिवसांत घरात त्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही.

दिवसभर आईजवळ बसायला एक बाई ठेवली होती. तिला सगळे मावशी म्हणत. सकाळी यायची, आईला अंघोळ घालायची, भरवायची, औषधं द्यायची आणि थोरली ऑफिसातून आली की जायची. रविवारी अर्धा दिवस. कामाला चोख, पण मावशीचं तोंड आणि मावशीचा फोन, दोन्हींना विसावा नसे. शिवाय आईच्या बिस्किटांचा डबा जरा लवकरच संपायचा. "आजींनी खाल्ली," असं मावशी बेधडक सांगायची, तेही ओठांवरचा भुगा पुसत. थोरली या गोष्टीकडे कानाडोळा करायची. पण कानाडोळा करणं आणि विसरणं यात फरक असतो, आणि दावे तपासणारी बाई काही विसरत नाही.

आईच्या आजारपणानं थोरली पार सुकून गेली होती. ऑफिस, घर, औषधं, झोप. कुणी विनोद केला तरी तिचा चेहरा हलायचा नाही. मग एक दिवस तिच्या काय मनात आलं कोण जाणे, तिनं चांगल्यातला कॅमेरा घेतला आणि गावातल्या एका फोटो मंडळात नाव घातलं. दिवसभर दुसऱ्यांचे वाईट फोटो बघून जीव विटला, आता आपण चांगले काढावेत, असं ती म्हणायची.

मंडळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचं. शिकवायला एक स्टुडिओवाले काका होते. लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्याचा सूड म्हणून की काय, आता ते सगळ्यांना कला शिकवायचे. "चौकटीत जे काम करत नाही, ते बाहेर काढा," हे त्यांचं आवडतं वाक्य. थोरलीनं ते मनावर घेतलं. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडायचे, डोळे वरच्या रेघेवर आणायचे, एक बाजू मोकळी सोडायची. मग संगणकावर बसून कडा कापायच्या, काळोख गडद करायचा, रंग काढून टाकायचे, नको ते डाग पुसायच्या ब्रशनं पुसायचे. जेवण गार होईपर्यंत ती एकाच फोटोशी झटत बसायची. कधी डावीकडून कापून बघ, कधी उजवीकडून.

आणि तिला विषय सापडला तो घरातच. रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर आई खिडकीपाशी पलंगावर बसायची. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून उजेड मऊ होऊन आत यायचा आणि आईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उजळायची. दर रविवारी थोरली तिथे कॅमेरा लावायची. "आई, जरा उजेडाकडे. अजून थोडं. हनुवटी वर. बस्स, हलू नकोस." मग थोरलीचा चेहरा असा खुलायचा की मावशीसुद्धा फोन बाजूला ठेवून बघत राहायची. आईही हसायची. त्या हसण्याचे फोटो मंडळात भिंतीवर लागले. टाळ्या पडल्या. धाकट्यानं ते आपल्या सासरी दाखवले.

एकदा काकांनी सगळे फोटो ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "चेहरा बोलतोय, ते ठीक. पण तुमच्या फोटोंत हात का नसतात कधी?"

"हात लुळा आहे तिचा, काका. चौकटीत काम करत नाही."

"माणसाचा हात काम करत नसला तरी फोटोत करतो," काका म्हणाले. "जुने मूळ फोटो काढा, न कापलेले. बघा काही मिळतंय का."

थोरली घरी आली आणि लगेच संगणक उघडून बसली. पहिल्या-पहिल्या रविवारांचे फोटो, तेव्हा आई बिनबाह्यांचा गाऊन घालायची. उजवा हात मांडीवर पडलेला, पण सगळा सावलीत. थोरलीनं सावली उजळवली. हळूहळू दंड वर आला, आणि दंडावर डाग दिसले. जांभळट, बोटभर लांबीचे, एकाशेजारी एक.

तिला वाटलं, लेन्सवर काही असेल. पुढचा फोटो उजळवला. त्यातही. त्याच्या पुढच्या रविवारच्या फोटोत जुने डाग पिवळे पडलेले आणि नवे आलेले. मग तिनं त्याच फोटोची आपण सजवलेली, भिंतीवर लागलेली प्रत उघडली. तिथे दंडाची जी कड दिसत होती ती स्वच्छ होती. स्वच्छ कुणी केली? तिनंच. डाग पुसायच्या ब्रशनं, कातडीवरचे नकोसे ठिपके म्हणून, काही विचार न करता. आईच्या अंगावरचे वळ तिनं स्वतःच्या हातानं पुसले होते आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

ती उठून आईच्या खोलीत गेली. आई पडून होती. अंगात पूर्ण बाह्यांचा गाऊन. थोरलीनं बाही वर सारली. दंडावर ताजे वळ होते.

"आई, हे कुणी केलं?"

"नको," आई म्हणाली आणि डाव्या हातानं बाही खाली ओढू लागली.

"मावशीनं?"

"नको. नको, नको."

तेव्हा थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबेचना. पूर्ण बाह्यांचे गाऊन कुणी आणायला सांगितले होते? मावशीनं. "आजींना वारा बाधतो हो," म्हणाली होती, तेही ऐन उकाड्यात. थोरली अचानक लवकर घरी आली की दचकायचं कोण? मावशी. आणि मध्यंतरी तोंड वर करून म्हणाली होती, "ताई, रविवारी आजींना जरा निवांत राहू द्या ना," तेव्हा थोरलीनं तिला तुमचं काम तुम्ही बघा म्हणून सांगितलं होतं. आता कळलं, फोटो का नको होते ते! कुठंतरी पाणी मुरतंय हे तिला आधीच कळायला हवं होतं. जगाचे खोटे फोटो पकडणारी दुर्बीण, आणि घरात डोळ्यांवर पट्टी.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना. कातडी नाजूक झालेली असते. कुणी जोरात धरलं तरी वळ उठतात. आणि त्या लुळ्या हाताला धरून तर उचलायचंच नाही, मी त्या बाईंना नीट समजावलंय." थोरलीला एवढं पुरे होतं. समजावलेलं असूनही धरते म्हणजे मुद्दामच धरते.

धाकट्याला तिनं सगळं सांगितलं. तो पडद्यावर भडकला. "काढून टाक तिला! वाट कसली बघतेस?"

"पुरावा नको? उद्या म्हणेल, आजी पडल्या."

"तुझं ऑफिस घरी नको आणूस, ताई."

"ऑफिस घरी आणलं म्हणूनच हे सापडलं," थोरली म्हणाली. ऑफिस नव्हे, छंद, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पुढे मावशीशी ती वरवर गोड बोलत राहिली आणि आतून डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. मावशी आईच्या कानाशी लागून काय कुजबुजते? आई मावशी दिसली की हसते ते भीतीनं की काय? मावशीनं आईच्या दंडाला लावायला कुठलंसं मलम पिशवीतून आणलं होतं, ते उशीखाली का ठेवते? साधा चहाचा कप मावशीनं ठेवला तरी थोरलीला तो आपटल्यासारखा वाटायचा. ऑफिसात तिचं कामात मन लागेना. आपण इथे परक्यांच्या चेपलेल्या गाड्या मोजतोय आणि तिकडे आईला कुणी चेपतंय, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

शेवटी तिनं तिचा जुना छोटा कॅमेरा काढला. त्यात एक सोय होती: ठरावीक वेळानं आपोआप फोटो निघत राहायचा, आवाज न करता. रविवारी सकाळी मावशी यायच्या आत तिनं तो आईच्या खोलीतल्या कपाटावर, चपलांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये दडवला, तार भिंतीतल्या प्लगला जोडली आणि तोंड पलंगाकडे केलं. तेवढ्यातही तिनं पलंग चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात येईल असं बघितलंच. सवय म्हणतात ती अशी.

रविवार नेहमीसारखा गेला. मावशी आली, चादर बदलली, आईला अंघोळ घातली, केस विंचरले. थोरलीनं खिडकीपाशी आपला फोटोंचा कार्यक्रम केला, मावशीला संशय यायला नको म्हणून जरा जास्तच वेळ. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. दुपारी मावशी गेली आणि थोरलीनं दार लावून कपाटावरचा कॅमेरा उतरवला.

शेकडो फोटो होते. सुरुवातीपासून एकेक बघत गेली. मावशी दारात. मावशी फोनवर. मावशी बिस्किटाचा डबा उघडताना, हे तर हवंच. आणि मग तो आला. मावशी पलंगावर वाकलेली, उजवा हात डोक्याच्या वर उगारलेला, आणि खाली आईचं तोंड वासलेलं, मान वळलेली.

थोरलीला रडू आलं. रडू आवरून तिनं तो फोटो संगणकावर घेतला. डावीकडे खुर्ची, खुंटी, लोंबणारी चादर असा पसारा होता. चौकटीत काम न करणारा. तो तिनं कापला. उगारलेला हात वरच्या रेघेवर आणला, आईचं तोंड खालच्या कोपऱ्यात. काळोख थोडा गडद केला. फोटो असा जमला की कुणाच्याही अंगावर काटा यावा. पुढचे फोटो तिनं बघितले नाहीत. दावा खोटा ठरवणारी एक गोष्ट सापडली की फाइल बंद करायची, असंच ती इतकी वर्षं करत आली होती.

धाकट्याला फोटो पाठवला. क्षणात उत्तर आलं, "आजच्या आज हाकल."

आजच्या आज नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं चपला काढल्या न काढल्या तोच थोरलीनं फोटो तिच्यापुढे धरला. आई पलंगावर उशांना टेकून बसली होती.

मावशी फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही मीच का?"

"मग कोण मी?"

"पण ताई, माझा दुसरा हात कुठाय?"

"काय?"

"दुसऱ्या हातात चादर होती माझ्या. मी चादर झटकत होते. आजी जांभई देत होत्या. सकाळी देतात की रोज, तुम्हाला माहीत नाही का?" मावशीचा आवाज चढला. "मला चोरून टिपलंत? इतक्या दिवसांच्या माणसाला?"

"चादरीचं राहू दे. दंडावरच्या वळांचं बोला. ते पण चादरीनं उठले?"

मावशीच्या तोंडाचा पट्टा एकदम थांबला. तिनं आईकडे बघितलं. आई डोळे विस्फारून मान हलवत होती, "नको, नको." मावशी खाली मान घालून म्हणाली, "ते मला विचारू नका."

"का नको? सांगता येत नाही ना?"

"नाही सांगता येत."

झालं. अपराधी माणूस असाच बोलतो, थोरलीनं शेकड्यांनी बघितले होते. तिनं दार उघडलं. मावशीनं चपला परत पायात घातल्या. जाताना ती आईच्या पलंगाशी गेली, पण थोरली मध्ये उभी राहिली. दार लागल्यावरही आईचं "नको" चालूच होतं, आणि त्यात ती रडत होती. थोरलीनं तिचे डोळे पुसले. "संपलं आई," ती म्हणाली. "आता तुला कुणी हात लावणार नाही."

नवीन बाई मिळेपर्यंत तिनं रजा टाकली. स्वतः अंघोळ घातली, स्वतः भरवलं. कठीण होतं, पण मनात एक समाधान होतं, की आईला आपण वाचवलं. दंडावरचे वळ आधी हिरवट झाले, मग पिवळे, मग पुसट. थोरली रोज बाही सारून बघायची आणि तिला आपण बरोबर होतो याची रोज नवी खात्री पटायची. रविवारी तिनं मोठ्या हौसेनं कॅमेरा लावला. मोकळ्या झालेल्या आईचे मोकळे फोटो हवे होते तिला. बराच वेळ रमली.

सोमवारी अंघोळीच्या वेळी तिनं बाही सारली आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. दंडावर जांभळे वळ होते. ताजे.

मावशी तर या घरात पाऊलही टाकत नव्हती. मग कोण? थोरली बादलीशेजारी बसून आठवू लागली. आईकडून व्यायाम करून घ्यायला एक मुलगा येत असे, तो आठवडाभर आलाच नव्हता. शेजारच्या काकू! त्यांच्याकडे किल्ली होती. काल थोरली औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्या येऊन बसल्या होत्या. काकूंचं आणि आईचं पूर्वी कशावरून तरी बिनसलं होतं, ते आईच्या आजारपणानं मिटलं असं सगळे धरून होते. मिटलं होतं का? त्या रविवारीही काकू डोकावल्या होत्या, कपाटावर कॅमेरा होता तेव्हा. म्हणजे त्या फोटोंत असतील.

आईला झोपवून ती संगणकाशी बसली आणि न बघितलेले फोटो उघडले.

उगारलेल्या हाताच्या पुढचाच फोटो: हवेत ताणलेली पांढरी चादर आणि तिच्यामागे हसणारी मावशी. आई खरोखरच जांभई संपवत होती. थोरलीनं तो घाईघाईनं पुढे ढकलला. आता काकू शोधायच्या होत्या. मावशी केस विंचरतेय. मावशी खोलीबाहेर. मग पलंगाशी कुणीतरी पाठमोरं, आईवर वाकलेलं. चेहरा दिसत नव्हता. एक हात आईच्या उजव्या दंडाला धरून तिला वर ओढत होता. बोटं मांसात रुतलेली दिसत होती.

"सापडल्या," थोरली मोठ्यानं म्हणाली. तिनं फोटो मोठा केला, हातावर आणला. घड्याळ होतं. काळ्या पट्ट्याचं, चौकोनी तबकडीचं. काकू घड्याळ घालत नाहीत. थोरलीनं कोण घालतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मग तिची नजर माउसवर ठेवलेल्या आपल्याच मनगटाकडे गेली.

पुढचा फोटो बघू नये असं तिला वाटलं. बघितला. त्यात ती आईला खिडकीकडे वळवत होती, दंडाला धरून, जसं कुणी खुर्ची सरकवावी तसं. आईचे डोळे गच्च मिटलेले. त्याच्या पुढच्यात आईचे ओठ 'नको'तल्या 'को'साठी गोल झालेले. पुढच्यात थोरली हनुवटी वर करत होती, दुसऱ्या हाताची पकड तशीच. पुढे परत दंड. परत. अजून जरा उजेडाकडे. मग थोरली चौकटीतून नाहीशी होत होती, कारण ती कॅमेऱ्यामागे गेली होती, आणि पलंगावर आई एकटी होती. त्या एका फोटोत आई कुणी बघत नसल्यासारखी दंड चोळत होती. त्याच्या पुढच्यात ती हसत होती.

आपले हे हात थोरलीनं दर रविवारी असेच चालवले होते आणि एकदाही तिच्या डोळ्यांना दिसले नव्हते. उजेड दिसायचा, सुरकुत्या दिसायच्या, रेघा दिसायच्या. हाताखाली आई आहे हे दिसायचं राहून गेलं होतं. तिला स्वतःची किळस आली.

बऱ्याच वेळानं तिनं मावशीला फोन लावला. पलीकडे कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"बोला," मावशी म्हणाली. नुसतंच बोला. ताई नाही.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

मावशीला कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "होतं."

"मग तोंड का उघडलं नाहीत? एरवी तर तोंड मिटत नाही तुमचं!"

"रविवारी निवांत राहू द्या, म्हणाले नव्हते का मी? तुम्ही मला माझी जागा दाखवलीत. मग एकदा ठरवलं, स्पष्टच सांगायचं. आजींना म्हटलं, आज मी ताईंना सांगते. तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दोनदा ठेवलं. लांब बाह्यांचे गाऊनही त्यांनीच बोटानं दाखवून मागितले माझ्याकडे. मग मी काय करायचं होतं?"

"पण का? तिनं असं का करावं?"

"आता ते मी सांगायचं?" मावशी चिडली होती, आणि चिडायचा तिचा हक्क होता. "तुम्ही घरात हसायचात कधी, सांगा बरं? त्या कॅमेऱ्यामागे गेलात की हसायचात. आजी शनिवारपासून वाट बघायच्या त्याची. मलम लावताना दुखलं की मला खिडकी दाखवायच्या आणि हसायच्या."

थोरली म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. परत याल का?"

"नाही यायची. चोरासारखं टिपून, हात कापून काढलंत मला. तुमच्या भावाच्या बायकोनं तो फोटो कुणाकुणाला पाठवला, ठाऊक आहे? इथे काम मिळवताना मला शपथा घ्याव्या लागल्या." खोकला पुन्हा आला. "आजींना उचलताना बगलेखाली हात घालायचा. दंडाला नाही. ठेवते."

त्या रात्री थोरलीनं धाकट्याला न कापलेला फोटो पाठवला, त्याच्याखाली पुढचा, आणि त्याखाली आपल्या हाताचा. त्यानं लिहिलं, "आईला काय सांगणार आहेस?"

आईला काय सांगायचं याचाच विचार तिनं आठवडाभर केला. रोज ती बगलेखाली हात घालून आईला उठवायची. आई आश्चर्यानं तिच्याकडे बघायची. रोज थोरलीच्या ओठांवर शब्द यायचे आणि ती सूप गार झालं म्हणून उठायची. शेवटी तिनं ठरवलं, रविवारी सांगायचं. कॅमेरे दोन्ही कपाटात बंद. समोर बसायचं, दंड हातात घ्यायचा, हळूच, आणि सरळ क्षमा मागायची.

रविवारी आईची अंघोळ झाली. तिला पलंगावर बसवून थोरली ओले कपडे वाळत घालायला गेली. हात पुसत परतली आणि दाराशीच थांबली.

आईनं डाव्या हातानं आपले केस सारखे केले होते. उजवी बाही मनगटापर्यंत नीट ओढून घेतली होती आणि तो हात पांघरुणाखाली सरकवला होता. मग ती एकटीच, कुणी न धरता, इंच इंच सरकून खिडकीकडे वळली होती. त्या कष्टानं तिला धाप लागली होती. उजेड बरोबर चेहऱ्यावर पडला होता. हनुवटी वर होती.

पावलांचा आवाज ऐकून ती लगबगीनं हसली.